ताजा भुसा

सुताराने लाकडाला आकार द्यायचा असतो, लाकडातली अळी वेचायची नसते, हे त्यालाही कळत होतं. पण सासऱ्याच्या काजूच्या बागेत गुडघे टेकून बसायला लागून त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं आणि गुडघ्यांना घट्टे पडले होते. ज्या पटाशीने त्याने कधी काळी लग्नाच्या पलंगांवर वेलबुट्टी कोरली, तीच पटाशी आता झाडांच्या बुडाशी कुजकी साल खरवडत होती. पटाशीला बोलता आलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी राजीनामा दिला असता. सुताराला बोलता येत होतं, पण तो जावई होता.

काम ऐकायला सोपं. झाडाच्या बुडाशी, मातीलगत, लाकडाचा लालसर भुसा सांडलेला दिसला की समजायचं, आत अळी आहे. लांब मिशांचा तपकिरी भुंगेरा सालीच्या चिरेत अंडी घालून जातो. अळी सालीखाली शिरते आणि खात खात मुळाकडे उतरते. वरून झाड हिरवंगार, आतून पोकळ. भुसा तेवढा बाहेर ढकलला जातो, तोच एक पुरावा. मग पटाशीने साल कापायची, बोगदा उघडा करायचा, सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून केलेली तार आत सारायची आणि अळी ओढून काढायची. बोटाएवढी जाड, पांढरी, डोकं काळं. ती रॉकेलच्या डब्यात टाकायची, उघड्या लाकडाला ब्रशने औषध फासायचं आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. मान दुखते, पाठ दुखते, काजूच्या चिकाने बोटांची सालं निघतात, आणि औषधाचा वास जेवतानाही हाताला येत राहतो.

तो इथे महिनाभरासाठी आला होता. सासरा फांदी तोडताना झाडावरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. म्हाताऱ्याला मुलगा नाही, एक मुलगी, ती याची बायको. “बाबांना बरं वाटेपर्यंत जाऊ या,” ती म्हणाली होती. शहरातल्या कारखान्यात त्याने मालकाला सांगितलं, बायकोने शेजारणीकडे दोन कुंड्या ठेवल्या आणि दोघं आली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. म्हातारा काठी घेऊन उभा राहू लागला, चालू लागला, फक्त त्याला वाकता येईना. आणि त्या बागेतलं सगळं काम तर वाकूनच करायचं होतं.

“जावईबापू,” म्हातारा म्हणाला होता, “बाग निवळू द्या. एक सबंध पंधरवडा कुठल्याही झाडाखाली ताजा भुसा दिसला नाही की तुम्ही मोकळे. मी अडवणार नाही. शब्द दिला.”

शब्द ऐकायला मोठा दिलदार वाटला. पण बागेत झाडं होती दीडशेच्या वर आणि भुंगेऱ्यांना म्हाताऱ्याचा शब्द ठाऊक नव्हता. एक ओळ निवळली की दुसऱ्या ओळीत भुसा. पंधरवडा भरत आला की एखादं झाड घात करायचं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हातारा रोज संध्याकाळी ओसरीवरच्या खुर्चीत बसून विचारायचा.

“वरची ओळ?”

“कोरडी.”

“मधली?”

“जुळ्या झाडांपैकी डावं. मूठभर भुसा.”

“हं. म्हणजे राहिलं.”

त्या ‘राहिलं’मध्ये म्हाताऱ्याला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे सुताराला कधी कळलं नाही. कधी कधी त्याला वाटायचं, म्हातारा आणि अळ्या मिळालेल्या आहेत.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याला आता नाव पडलं होतं. “या, किडेमिस्त्री! आज शिकार काय म्हणते?” चहावाला रोज विचारायचा आणि बाकावरची माणसं रोज नव्याने हसायची. एकाने तर भर लोकांत त्याला विचारलं होतं, “काय हो, घरजावयाला पगार असतो की नुसतं जेवून-खाऊन?” सुतारही हसला होता. हसला नसता तर ते चिडवणं आणखी वर्षभर पुरलं असतं. चहा मात्र त्याने अर्धाच प्यायला.

म्हाताऱ्याला शिव्या द्याव्यात तर तीही सोय नव्हती. माणूस वाईट नव्हता. त्याला वाढलेलं ताट तो आधी जावयापुढे सरकवायचा. पहिल्या महिन्यात शेतकी खात्याचा साहेब आला, तेव्हा म्हातारा खुर्चीतून आपल्याला काही कळत नसल्यासारखा सगळं ऐकत बसला, जावयाला शिकता यावं म्हणून. साहेबानेच सुताराला सगळं हातात पटाशी घेऊन दाखवलं. घेराच्या अर्ध्याहून जास्त साल खाल्ली गेली असेल तर त्या झाडाची आशा सोडायची, म्हणाला. मुळासकट उपटायचं आणि जाळायचं, नाहीतर त्यातूनच पुढचे भुंगेरे निघतात. अर्ध्याच्या आत असेल तर वाचतं, पण वेळेत कोरलं तरच. हे सांगताना साहेबाची स्वतःची पँट गुडघ्याला मातीने भरली होती. सुताराला तो माणूस आवडला होता.

कारखान्याचा मालक अधूनमधून फोन करायचा. आधी काळजीने, मग कंटाळून. यंदा उन्हाळ्यात मात्र त्याचा आवाज वेगळा होता. “अरे, शाळेच्या बाकांचं काम आलंय. मोठं आहे, वर्षभर पुरेल. कारखान्यामागच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्यात, त्या तुला देतो. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर पाहिजेस. नाही आलास तर दुसरा बघतो, मग माझ्या नावाने रडायचं नाही.”

हे सगळं सुताराने बायकोला सांगितलं तेव्हा ती विहिरीवर कपडे धूत होती. तिने पिळा तसाच हातात धरला. “नळ आत आहे की बाहेर?” तिने विचारलं.

“आत आहे.”

“आणि खिडकी?”

“रस्त्याकडे.”

तिने हातातला पिळा घट्ट पिळून टाकला. त्या दिवसापासून ती काम करताना गुणगुणू लागली. तिची आई तिच्याकडे बघत राहायची.

आता मामीबद्दल सांगायला हवं. सासूला तो मामी म्हणायचा. मामी लग्न होऊन या बागेत आली तेव्हा बागेत झाडं नव्हती, नुसते खड्डे होते. खड्ड्यांत पाणी तिनेच घातलं. नंतर ती कुठे गेली म्हणाल तर बाजारापर्यंत आणि दोनदा दवाखान्यापर्यंत. मामी कमी बोलायची आणि झाडायची फार. हंगामात काजूच्या झाडांखालची जमीन रोज झाडून लख्ख ठेवावी लागते, म्हणजे पडलेली बी पाचोळ्यात हरवत नाही. उजाडताच मामी झाडू घेऊन उतारावर उतरायची आणि उन्हं वर येईपर्यंत सगळ्या ओळी अंगणासारख्या करायची. फक्त बुडाभोवती एक वीत जागा सोडायची. तिथे झाडू लावायचा नाही, हा म्हाताऱ्याचा नियम. तिथे झाडलं तर भुसा दिसणार कसा? झाडं धरायला लागल्यावर पहिल्याच हंगामात तिने हौसेने पार बुडापर्यंत झाडलं होतं, तेव्हा म्हाताऱ्याने मजुरांसमोर तिच्या हातातला झाडू हिसकावून ओढ्यात फेकला होता. ही गोष्ट घरात गंमत म्हणून सांगितली जायची. सांगायचा म्हातारा, हसायची मुलगी. मामी त्या वेळी नेमकी चुलीपाशी काहीतरी करायला उठायची.

तर, त्या उन्हाळ्यात बाग निवळू लागली.

आधी वरची ओळ. मग मधली. खालची ओळ ओढ्याच्या बाजूला होती, सगळ्यांत वाईट. मागच्या वर्षी तिथे एक दिवसही भुशाविना गेला नव्हता. आता तीही कोरडी. सुतार रोज सकाळी पटाशी घेऊन फिरायचा, बुडाशी बघायचा, काही नाही. पुढच्या झाडाशी जायचा, काही नाही. सुरुवातीला त्याचा विश्वास बसेना, मग बसू लागला. औषध लागू पडलं असेल, भुंगेऱ्यांची पिढी संपली असेल, नशीब उघडलं असेल. माणसाला जे हवं असतं त्याची कारणं शोधायला तो कमी पडत नाही, आणि त्याला तर हे फारच हवं होतं. त्याने सालीवर ठोकून बघणंही सोडलं. भुसा नाही तर ठोकायचं कशाला?

“खालची ओळ?” म्हातारा संध्याकाळी विचारायचा.

“कोरडी.”

“सगळी?”

“सगळी, मामा.”

म्हातारा बागेकडे बघायचा. घर उंचावर आणि बाग खाली उतारावर, त्यामुळे ओसरीवरून खोडं दिसत नसत, नुसते शेंडे दिसत. तो बराच वेळ शेंड्यांकडे बघत राहायचा आणि मग काठीने जमिनीवर टकटक करायचा.

पंधरवडा भरला त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, “जावईबापू, शब्द म्हणजे शब्द. तुम्ही निघा.”

मुलीच्या हातातला पळा भांड्यावर आपटला. मामीने मान वर केली नाही, फक्त नवऱ्याच्या पानात आणखी एक वाढ वाढली, त्याने न मागता.

निघायच्या आदल्या दिवशी घरात लगबग होती. बायकोने ट्रंक बाहेर काढून उन्हात ठेवली होती. एक जुनी साडी कापून तिने खिडकीसाठी पडदा शिवला होता, न बघितलेल्या खिडकीसाठी, अंदाजाने. सुतार दुपारी खालच्या ओळीत गेला. रॉकेलचा डबा आणि तार तिथल्या फांदीला लटकवलेली होती, ती गोठ्यात ठेवून द्यावी, एवढंच मनात होतं. ऊन मी म्हणत होतं. पिकून पडलेल्या बोंडांचा आंबूस वास सगळीकडे भरला होता. ओळीच्या टोकाला ‘थोरली’ उभी होती. म्हाताऱ्याने लावलेलं पहिलं झाड, म्हणून तिचं नाव थोरली. तिची सावली दाट. आज तो तिच्या सावलीत गिऱ्हाइकासारखा बसणार होता, गुडघे न टेकता, पाठ टेकून. वर्षभरात त्याने अशी चैन केली नव्हती.

तो बसला, मागे रेलला, आणि त्याच्या खांद्यामागे साल आत गेली.

सरळ होऊन त्याने हाताच्या पेरांनी खोडावर ठोकलं. आवाज बद्द आला. लाकडाचा आवाज त्याला कळत नसता तर बरं झालं असतं. त्याने खाली बघितलं. बुडाभोवतीची माती स्वच्छ होती. फार स्वच्छ. झाडूचे बारीक ओरखडे सालीला टेकेपर्यंत आले होते. वीतभर जागा सोडलेली नव्हती.

तो दुसऱ्या झाडाकडे गेला. तिथेही ओरखडे सालीपर्यंत. तिसरं, चौथं, तसंच. त्याने खिशातून चाकू काढून थोरलीची साल उचकटली, तेव्हा दाबून बसवलेला ओला, लालसर भुसा भसकन त्याच्या मांडीवर सांडला. बोटाने आत चाचपलं तर बोगदा, बोगद्याला फाटे, फाट्यात अळ्या. त्याने साल उचकटत झाडाभोवती फेरी मारली. अर्धा घेर कधीच संपला होता. थोरली उभी होती ती केवळ सवयीने. बाकीची झाडं त्याने भराभर तपासली. कुठे चौथाई, कुठे त्याहून थोडं जास्त. आत्ता कोरली तर वाचतील. पावसानंतर कोरायला काही उरणार नाही.

पहिला विचार काय आला म्हणाल तर, साल परत जागेवर दाबून ठेवावी. आणि खरोखर त्याने हाताने ती जागेवर दाबलीही. मग स्वतःची लाज वाटून उठला.

मामी चुलीपाशी पाचोळ्याची टोपली घेऊन बसली होती. मूठ मूठ चुलीत सारत होती. टोपलीच्या तळाशी पाचोळ्याखाली लाल भुसा होता. सुतार उंबऱ्यापाशी उभा राहिला. त्याच्या कपड्यांवर तोच भुसा होता. मामीने तो बघितला आणि तिचा हात थांबला.

“मामी, बुडाशी झाडू कोणी लावला?”

“दुसरं कोण लावणार? मीच.”

“कधीपासून?”

“तुम्हाला तो बाकांचा फोन आला तेव्हापासून.” तिने आणखी एक मूठ चुलीत टाकली. भुसा फुलबाजीसारखा फुटला. “ओरडायचं असेल तर हळू ओरडा. पोरगी मागे कपड्यांच्या घड्या करतेय.”

त्याला ओरडताही येईना. “मामी, थोरली संपली. ओळ सगळी पोखरली. आधी भुसा दिसला असता तर…”

“तर तुम्ही कोरत बसला असता. पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढच्या वर्षी परत.” मामीचा आवाज चढला नाही. “मला माहीत नाही होय, कशाने काय होतं? तुमच्या आधीपासून बघतेय मी ही झाडं. माझे गुडघे बघा. माझी पाठ बघा. पोरीची पण अशीच होऊ देऊ?”

“आणि तुम्ही खाणार काय? दुसरं आहे काय तुम्हाला?”

“दोन म्हाताऱ्या माणसांना लागतं किती? वरची ओळ राहील थोडी. बघू.”

“मामांना कळलं तर?”

“कळायला बुडाशी वाकावं लागतं,” मामी म्हणाली. “त्यांना वाकता येत नाही.”

मग ती उठली, पदराने हात पुसले आणि त्याच्यापुढे उभी राहिली. कधी नव्हे ते तिने त्याच्या दंडाला हात लावला. “जावईबापू, तुम्ही काही बघितलं नाही. उद्या माझ्या पोरीला घेऊन जा. एवढं करा. पाया पडू का?”

“नका हो, मामी.”

“मग झालं.”

संध्याकाळी म्हाताऱ्याने त्याला ओसरीवर हाक मारली. खुर्चीपाशी सुताराची हत्यारांची पेटी उघडी होती. पटाश्या, रंधे, करवती, सगळं तेल लावून पुसून फडक्यावर ओळीने मांडलेलं. दुपारभर बसून म्हाताऱ्याने एकेका पात्याला दगडावर धार लावली होती. त्याच्या अंगठ्याला कापल्याची ताजी चीर होती.

“माती खरवडून पार वाट लागली होती हो यांची,” तो म्हणाला. “कारखान्यात असली हत्यारं घेऊन गेलात तर लोक म्हणतील, सुतार आहे की माळी? बघा, चालेल का धार.”

सुताराने नखावर पटाशी टेकवली. धार चांगली होती. हा माणूस खडूस वागता तर किती सोपं झालं असतं!

“मी तुम्हाला अडकवून ठेवलं,” म्हातारा बागेकडे बघत म्हणाला. “मला कळत नाही असं नाही. रोज संध्याकाळी विचारताना मनात यायचं, आज भुसा निघू दे. असं वाटायचं. माणूस म्हातारा झाला की लबाड होतो.”

“असं काही नाही, मामा.”

“आहे. जाऊ द्या. टेम्पोवाल्याला सांगितलंय, सकाळी येतोय. दूधवाल्याच्या मागोमाग.”

बायकोला सांगायचं की नाही, हे त्याला जेवताना ठरवता आलं नाही आणि जेवल्यानंतरही नाही. ती पडदा घडी घालून ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवत होती, आधी तो लावायचा म्हणून. “तुम्ही गप्प का?” तिने विचारलं. “कंटाळा आलाय,” तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून तिला खरं वाटलं.

सकाळी टेम्पो आला. चालक घाईत होता, त्याने इंजिन बंदच केलं नाही. ट्रंक चढली, बिछान्याची वळकटी चढली. बायको नवी साडी नेसून पिशवी हातात घेऊन आईच्या गळ्यात पडली, रडली, मग डोळे पुसून हसली. मामी रडली नाही. ती टेम्पोच्या फळीला हात लावून उभी होती, आपण हात काढला तर गाडी रिकामीच निघून जाईल अशा भीतीने. सुतार हत्यारांची पेटी घेऊन बाहेर आला. पेटी फळीवर ठेवायला त्याने उचलली आणि तशीच धरून राहिला. उतारावरून वारा आला. त्यात पिकल्या बोंडांचा वास होता आणि त्याखाली दुसरा, ओल्या भुशाचा. तो वास वर्षभरात त्याच्या नाकात असा बसला होता की कुठेही ओळखला असता. शाळेच्या बाकांच्या फळ्यांवर रंधा मारतानाही तो येत राहणार, हे त्याला तिथेच कळलं. मग बाक बनवतानाचा एकही दिवस आपला नसणार.

“तू बस,” तो बायकोला म्हणाला. “तार राहिली खाली. आलोच.”

मामीने त्याच्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं, पण मुलगी शेजारी होती.

तो पेटी घेऊनच खाली गेला. चालताना पळावंसं वाटत होतं, वर टेम्पोकडे. खालच्या ओळीतलं दुसरं झाड सर्वांत वाचण्यासारखं होतं. त्याने कारखान्यात जायची इस्त्रीची पँट घातली होती. ती जरा वर ओढून तो गुडघ्यांवर बसला, जुन्या घट्ट्यांच्या जागी. पटाशी सालीला लावली आणि हातोडा मारला.

ठक. ठक. ठक.

काजूच्या बागेत सकाळी हा आवाज लांबवर जातो. त्या घरात गेलं वर्षभर रोज सकाळी हाच आवाज होता, त्यामुळे तो कशाचा हे कुणाला विचारावं लागलं नाही. वर टेम्पोचा भोंगा वाजला. मग परत वाजला. सुतार कोरत राहिला. पटाशीला धार होती, साल लोण्यासारखी निघत होती, आणि त्याला रडू येत होतं त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

आधी मामी आली. धावत आली होती, श्वास लागला होता. रॉकेलचा डबा फांदीवरून काढून तिने त्याच्याजवळ धाडकन आपटला. “मूर्ख आहात तुम्ही,” ती म्हणाली. “एवढं करून ठेवलं होतं मी. एवढं एक काम होईना तुमच्याच्याने?” आणि मग ती मटकन खाली बसली आणि तेव्हा रडली.

तिच्यामागून काठीचा आवाज आला. म्हातारा उतारावरून येत होता. पडल्यापासून तो खालच्या ओळीपर्यंत कधीच उतरला नव्हता. एकेका झाडाला धरून, पाय घासत, दोनदा घसरून, तो येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता.

“कुठपर्यंत गेलंय?” त्याने विचारलं.

“थोरली गेली, मामा. मुळासकट काढायला लागेल. बाकीची ओळ आत्ता कोरली तर वाचेल.” सुताराने मामीकडे न बघता पुढे म्हटलं, “मलाच आधी दिसलं नाही.”

“खोटं बोलू नका. तुम्हाला जमत नाही,” म्हातारा म्हणाला. “बुडं मला दिसत नाहीत. पण शेंडे दिसतात ना? थोरलीचा शेंडा पिवळा पडला तेव्हाच कळलं मला. भुसा नाही आणि शेंडा पिवळा. मग झाडू कुणाचा, हे काय सांगायला पाहिजे?”

मामीने पदर तोंडावरून काढला. “कळलं होतं, आणि बोलला नाहीत?”

“तू तरी कुठे बोललीस?”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. या बागेत आल्यापासून बहुधा इतका वेळ कधी बघितलं नसेल. मग म्हातारा जावयाकडे वळला आणि त्याचा आवाज कडक झाला, पूर्वीसारखा.

“ऐका, जावईबापू. वर्षभर मी धरून ठेवलं होतं तुम्हाला. मग सोडलं. सगळं माहीत असून सोडलं. आता बसलाय ते तुमचं तुम्ही बसलाय. उद्या पाठ मोडली, कारखान्यात दुसरा सुतार आला, तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत.”

सुताराने मान हलवली. हे खरं होतं आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. कालपर्यंत त्याला राग धरायला एक माणूस होता. आता तोही उरला नव्हता.

वर टेम्पोचं इंजिन जोरात झालं. चालक काहीतरी ओरडला, ट्रंक धप्पकन जमिनीवर उतरल्याचा आवाज आला आणि मग इंजिनाचा आवाज रस्त्याने लांब लांब गेला.

त्याची बायको उतारावरून चालत आली. पिशवी तशीच हातात होती. तिने उघडी साल बघितली, भुसा बघितला, आईचे डोळे बघितले, वडिलांना तिथे उभं बघितलं. तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही. त्या घरात जन्मलेल्या मुलीला ते सांगावं लागत नव्हतं.

“कधी कळलं तुम्हाला?” तिने नवऱ्याला विचारलं.

“काल दुपारी.”

“मी पडदा ठेवत होते तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“मला विचारावंसं वाटलं नाही?”

त्याने पटाशी मातीवर ठेवली. आईने बुडं झाडली तिला न विचारता, बापाने सोडलं तिला न विचारता आणि हा बसला तोही तिला न विचारता. तिच्याच भल्यासाठी तिघांनी सगळं केलं होतं आणि तिघांपैकी एकालाही तिच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

तिने पिशवी खाली ठेवली. मग नव्या साडीच्या निऱ्या वर खोचून त्याच्या शेजारी मातीत बसली आणि रॉकेलचा डबा पुढे ओढला.

“डबा मी धरते,” ती म्हणाली. “पण एक सांगून ठेवते. ‘जाऊ या’ हा शब्द परत माझ्यासमोर काढायचा नाही. कधीच.”

त्याने बोगद्यात तार सारली. अळी खोल होती. ओढताना तुटली तर अर्धी आतच राहते, म्हणून हळूहळू ओढावी लागत होती. तिने डबा त्याच्या हाताखाली धरला आणि दुसरीकडे बघत राहिली.